प्लगचे आटे आणि बोटांची जाण

पेट्रोलवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या माथ्यावर चार खोल विहिरी असतात आणि प्रत्येकीच्या तळाशी एकेक स्पार्क प्लग बसलेला असतो. वर्षानुवर्षे तो कुणाच्या नजरेस पडत नाही. त्याच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोडांमध्ये साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरची फट असते, आणि एवढीशी फट ओलांडून ठिणगी पडावी यासाठी बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइलमध्ये हजारो व्होल्ट करावे लागतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. त्या प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा सूक्ष्म अंश झिजतो, फट रुंदावते आणि कॉइलवरचा ताण वाढत जातो. सकाळी चटकन सुरू न होणारी किंवा चढावर अडखळणारी गाडी बहुधा याच झिजेची तक्रार करत असते.

साधे निकेलचे प्लग ३० ते ५० हजार किलोमीटर चालतात, तर इरिडियम किंवा प्लॅटिनमचे लाखाच्या आसपास जातात. आपल्या गाडीसाठी नेमका कोणता प्लग आणि किती अंतराने, याचा निर्णय मात्र गाडीच्या पुस्तिकेवरच सोडावा.

प्लग बदलण्याचे काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्णपणे थंड होऊ द्यावे. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा माथा, ॲल्युमिनियमचे असते आणि प्लगचे कवच पोलादी. गरम हेडमधून प्लग ओढून काढू पाहणाऱ्याच्या हाती प्लगबरोबर हेडचे आटेही येण्याची भीती असते. कॉइलचा कनेक्टर काढताना त्याची खिट्टी दाबावी, तारेला हिसका देऊ नये. बोल्ट सोडवून कॉइल किंचित फिरवावी आणि सरळ वर उचलावी. आता दिसणाऱ्या विहिरीत धूळ आणि वाळूचे कण साचलेले असतात. प्लग सैल करण्याआधीच हवेच्या झोताने ते उडवून लावावेत, कारण प्लग निघाल्यावर त्यांच्यासाठी सिलिंडरचे दार उघडे असते. शक्यतो एका वेळी एकच सिलिंडर हाताळावा. जुन्या, तारांच्या रचनेच्या इंजिनात तर हा नियम पाळावाच, कारण तारांची अदलाबदल झाली की ठिणगीचा क्रमच बिघडतो.

प्लगचा सॉकेट बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटरचा, काही जुन्या गाड्यांना २१ चा, तर काही नव्यांना १४ चा लागतो. प्लग घट्ट बसला असेल तर जोर वाढवू नये. आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब टाकून थांबावे, मग थोडा सैल, थोडा घट्ट असे करत त्याला बाहेर आणावे.

बाहेर आलेला प्लग लगेच पुसून बाजूला ठेवू नये. सिलिंडरच्या आत काय चालले आहे, हे इतक्या स्वस्तात सांगणारा दुसरा साक्षीदार नाही. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर ज्वलन नीट चालले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त असू शकते, किंवा गाडी सतत इतक्या छोट्या फेऱ्या मारते की प्लग स्वतःला जाळून स्वच्छ करण्याइतका, म्हणजे साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर, तापतच नाही. ओलसर, तेलकट काळपटपणा दिसला तर तेल आत शिरते आहे, आणि नवा प्लग हे त्यावरचे औषध नव्हे. पांढरेफटक, फोड आलेले टोक अति तापल्याचे सांगते. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. तीन सारखे आणि एक वेगळा दिसला, तर शोध कुठून सुरू करायचा ते कळते. चिनी मातीच्या भागावर, धातूच्या कडेलगत दिसणारा तपकिरी पट्टा मात्र बहुधा उच्च दाबाच्या विजेमुळे आलेला डाग असतो. त्याला गळती समजून घाबरू नये.

नव्या प्लगची फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने, तपासावी. इरिडियमच्या बारीक टोकावर गेज रेटू नये, ते तुटते. हातातून पडलेला प्लगही वापरू नये, कारण आतल्या मातीला गेलेला तडा वरून दिसत नाही.

यानंतरचा क्षण सगळ्यांत महत्त्वाचा आहे. रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवायचा दांडा, बाजूला ठेवावा आणि सॉकेट व एक्स्टेन्शन केवळ बोटांनी धरून प्लग अलगद खाली सोडावा. आधी तो हलकेच उलटा फिरवावा. आटे आट्यांत उतरल्याची बारीकशी टिचकी बोटांना जाणवली की मग सुलटा फिरवावा. त्याने विनासायास अनेक फेरे घेतले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला अडकला तर तो तिरका बसतो आहे. तेव्हा पाना लावून पुढे रेटण्याऐवजी मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी. तिरके गेलेले आटे हेडच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत नेतात.

प्लग बोटांनी टेकेपर्यंत बसला की १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या नव्या प्लगला साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. शंकूसारख्या बैठकीच्या प्लगला मात्र फेऱ्याचा सोळावा भागच द्यावा. टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, असल्यास पुस्तिकेतला आकडा लावावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरच्या अशा प्लगसाठी तो बहुधा २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो. सैल राहिलेला प्लगही घातक ठरतो, कारण त्याची उष्णता बैठकीतून हेडमध्ये उतरते आणि बैठक सुटली की टोक वाजवीपेक्षा अधिक तापते. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचे वंगण, लावण्याचा मोह टाळावा. मुलामा दिलेल्या प्लगला त्याची गरज नसते आणि वंगणामुळे तो नकळत जास्त आवळला जातो.

कॉइल बसवून, कनेक्टर 'टक्' असा बसल्याची खात्री करून गाडी सुरू करावी आणि काही मिनिटे कान देऊन आवाज ऐकावा. एखाद्या सिलिंडरमधले ज्वलन अजूनही चुकत असेल, तर इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल बदलावी. तो जागचा हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे.