मालक, नटी आणि सुटकेचा कागद

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘काऊंट शेरेमेत्येव आणि प्रास्कोव्या : एक प्रेमकथा’ असे छापले आहे. मी शीर्षकात ‘मालकी’ हा शब्द सुचवला होता, पण त्याने सभागृह भरत नाही असे संयोजकांनी सांगितले, आणि समोरची गर्दी पाहता त्यांचेच बरोबर असावे. अठराव्या शतकातल्या रशियातला हा काऊंट, म्हणजे बडा उमराव, प्रास्कोव्याचा कायदेशीर मालक होता; ती त्याच्या खासगी नाटकमंडळीतली नटी आणि त्याची भूदास, म्हणजे जमिनीसारखेच मालकाच्या मालकीचे माणूस. या दोघांच्या विवाहाला, तीन वर्षे आधी झालेल्या तिच्या सुटकेच्या कागदाशिवाय काय अर्थ उरतो, हे आज मांडण्याचे मी कबूल केले आहे.

त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. ही कथा लोकगीताच्या चालीवर सांगितली जाते : संध्याकाळी गाई घेऊन घरी निघालेली शेतकऱ्याची पोर, शिकारीहून परतणारा उमराव, नजरानजर आणि पुढचे सारे. ते गीत प्रास्कोव्यानेच रचले असेही म्हणतात. गीत गोड आहे, माझा राग त्यातल्या गाईंवर आहे, कारण त्या वाटेत आल्या की या बाईचे सारे कष्ट दिसेनासे होतात. प्रास्कोव्या कोवाल्योवा १७६८ साली एका भूदास लोहाराच्या घरी जन्मली आणि लहानपणीच शेरेमेत्येवांच्या मॉस्कोजवळच्या कुस्कोवो वाड्यात आणली गेली. तिथे तिला गाणे, अभिनय आणि परकीय भाषा शिकवल्या गेल्या, आणि अकराव्या वर्षी ती रंगमंचावर उभी राहिली. ती गाई हाकत असती, तर तिच्या वाट्याला निदान थोडी मोकळी हवा तरी आली असती! त्या नाटकमंडळीतल्या मुलींना रत्नांवरून नावे दिली जात; प्रास्कोव्या मोत्यावरून झेम्चुगोवा झाली, तर तिची मैत्रीण, नर्तकी तात्याना श्लिकोवा, ग्रानातोवा. मालकाने आपल्या माणसांना रत्नांची नावे द्यावीत आणि ती तिजोरीतल्या ऐवजासारखी सांभाळावीत, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नाही.

निकोलाय शेरेमेत्येव तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा, संगीताचा खरा जाणकार आणि दोन लाखांच्या आसपास भूदासांचा धनी होता. १७८७ मध्ये सम्राज्ञी कॅथरीन दुसरी कुस्कोवोला आली, तेव्हा तुऱ्याचे शिरस्त्राण घालून योद्धा स्त्रीची भूमिका करणाऱ्या प्रास्कोव्याला तिने हिऱ्याची अंगठी दिली. पुढे काऊंटने मॉस्कोजवळच ओस्तान्किनोचा वाडा नाटकासाठीच बांधवला. बाहेरून दगडी वाटणारी ती इमारत लाकडाची आहे. प्रेक्षागृहाची जमीन उचलून रंगमंचाच्या पातळीला आणता येई आणि नाटक संपल्यावर तिथेच नृत्याची बैठक रंगे. गडगडाटाचे आवाज काढणारी यंत्रेही तिथे होती. सुतार, चित्रकार, गवई बहुतेक त्याचेच भूदास. (अशी नाटकमंडळी आपल्याला मिळाली असती, तर मानधनावरून होणारी भांडणे मिटली असती असे कोणी पुटपुटले, ते मी ऐकले आहे.)

चिठ्ठी आली आहे, म्हणजे मुख्य मुद्द्याला आता पाचच मिनिटे उरली. १७९८ मध्ये काऊंटने प्रास्कोव्याला आणि तिच्या कुटुंबाला मुक्त केले. तोवर ती त्याची प्रेयसी होती, पण नकार देण्याचा हक्क तिच्या हाती कायद्याने कधीच नव्हता, आणि म्हणून त्याआधीच्या वर्षांना मी बेधडक प्रेम म्हणत नाही. ६ नोव्हेंबर १८०१ रोजी मॉस्कोत मोजक्या साक्षीदारांसमोर गुप्त विवाह झाला. तिचा वंश एका पोलिश उमरावापर्यंत नेणारी बनावट वंशावळ तयार करण्यात आली. याचा अर्थ सरळ आहे : सुटकेच्या कागदाने ती स्वतंत्र झाली, पण उमरावांच्या समाजात बसायला तो कागद पुरेसा नव्हता. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुलगा दिमित्री जन्मला आणि तीन आठवड्यांत, क्षयाने पोखरलेली प्रास्कोव्या गेली. तेव्हाच विवाह जगजाहीर झाला.

काऊंट नुसता दांभिक होता असे मी म्हणणार नाही. तिच्या इच्छेला मान देऊन मॉस्कोतल्या गोरगरिबांच्या आश्रमाचे आणि इस्पितळाचे काम त्याने पुढे नेले. ते १८१० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, सुरू झाले. पण गळ्यात काऊंटचे लघुचित्र घातलेली, लाल शालीतली प्रास्कोव्या ज्याने रंगवली, तो निकोलाय आर्गुनोव काऊंटच्या हयातीत भूदासच राहिला. एका माणसाच्या बाबतीत जे काऊंटला उमगले, ते बाकीच्या दोन लाखांपर्यंत का पोचले नाही, हा माझा खरा प्रश्न होता, आणि त्याला मी अर्धे व्याख्यान द्यायला हवे होते. उत्तर मला दिमित्रीत दिसते. आईविना तो तात्याना श्लिकोवाच्या देखरेखीत वाढला, आणि १८०९ मध्ये वडील वारले तेव्हा, सहा वर्षांचाही नसताना, भूदास लोहाराचा हा नातू त्या सगळ्या भूदासांचा धनी झाला. १८६१ मध्ये झारच्या फर्मानाने भूदासप्रथा संपली, तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता.