नावापुढचे अक्षर : अमेरिकेतील पक्षांतराची गोष्ट

(दृश्य : शँप्लेन सरोवराचा काठ, बर्लिंग्टन शहर, सकाळची वेळ.)

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, दुधदुभत्यासाठी आणि मेपलच्या पाकासाठी ओळखले जाणारे छोटे राज्य आहे. २४ मे २००१ रोजी सकाळी तिथल्या बर्लिंग्टन शहरातील एका हॉटेलात सिनेटर जेम्स जेफर्ड्स कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले, तेव्हा ते काय सांगणार याचा अंदाज वॉशिंग्टनला आधीच आलेला होता. सदुसष्ट वर्षांच्या या गृहस्थांनी जाहीर केले की आपण रिपब्लिकन पक्ष सोडत आहोत आणि यापुढे सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, अपक्ष म्हणून, पण कामकाजापुरते डेमोक्रॅटांच्या बाजूने, बसणार आहोत.

अमेरिकेत वर्तमानपत्रात किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लोकप्रतिनिधीचे नाव आले की त्याच्यापुढे एक अक्षर छापण्याची पद्धत आहे. रिपब्लिकनांसाठी ‘आर’, डेमोक्रॅटांसाठी ‘डी’ आणि अपक्षांसाठी ‘आय’. त्या सकाळी एका माणसाच्या नावापुढचे हे अक्षर बदलले, एवढेच घडले होते.

मात्र शंभर सदस्यांच्या सिनेटमध्ये त्या वेळी दोन्ही पक्षांचे बरोबर पन्नास-पन्नास सदस्य होते. मते समसमान पडली तर उपराष्ट्राध्यक्षांना निर्णायक मत देता येते, आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी रिपब्लिकन असल्यामुळे काटा त्यांच्या पक्षाकडे झुकलेला होता. ६ जूनला जेफर्ड्स यांचे पक्षांतर अमलात आले आणि बहुमताचे नेतेपद मिसिसिपीच्या ट्रेंट लॉट यांच्याकडून साउथ डकोटाच्या टॉम डॅशल यांच्याकडे गेले. परराष्ट्र व्यवहार समितीच्या अध्यक्षपदी जेसी हेल्म्स यांच्या जागी जो बायडेन आले. न्यायविषयक समितीत ऑरिन हॅच यांची जागा व्हरमाँटचेच पॅट्रिक लेही यांनी घेतली. म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी न्यायाधीशपदासाठी सुचवलेले प्रत्येक नाव यापुढे विरोधकांच्या टेबलावरून जाणार होते. जेफर्ड्स यांना शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षपद सोडावे लागले, पण पर्यावरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्यासाठी मोकळे करून ठेवण्यात आले होते. तत्त्वनिष्ठेच्या कथेत हा व्यवहार सहसा सांगितला जात नाही. तो सांगितला पाहिजे.

(दृश्य : कॅपिटॉलचा घुमट, समित्यांच्या दारांवरील पाट्या.)

कारणे अनेक दिली गेली. अपंग मुलांच्या शिक्षणासाठी १९७५ साली झालेल्या कायद्यात केंद्र सरकारने जादा खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलण्याचे आश्वासन दिले होते, आणि ते कधीच पाळले गेले नव्हते. दहा वर्षांत सुमारे १ लाख ३५ हजार कोटी डॉलरची करकपात करायला निघालेल्या सरकारकडे या मुलांसाठी पैसा नाही, ही जेफर्ड्स यांची तक्रार होती. त्याच वसंत ऋतूत देशातील सर्वोत्तम शिक्षकाचा मान व्हरमाँटच्या एका शिक्षिकेला मिळाला, आणि व्हाइट हाउसमधील त्या समारंभाला शिक्षण समितीचे अध्यक्ष असलेल्या, त्याच राज्याच्या सिनेटरला बोलावणे गेले नाही. पत्रकारांनी या न आलेल्या आमंत्रणाची गोष्ट फार रंगवली. मानापमानाची कथा लोकांना लवकर समजते, हे त्याचे कारण असावे.

खरी गोष्ट व्हरमाँटच्या मतपेट्यांमध्ये दडलेली आहे. १८५६ पासून १९६० पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत या राज्याने रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले. १९३६ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या लाटेत सारा देश वाहून गेला, तेव्हाही मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये जागची हलली नाहीत. तेच व्हरमाँट १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या मागे उभे राहत आले आहे. दरम्यानच्या काळात रिपब्लिकन पक्षाचे वजन ईशान्येकडून दक्षिणेकडे सरकले होते, आणि जेफर्ड्स होते तिथेच होते. १९८१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या करकपातीच्या विरोधात त्यांनी मत दिले होते आणि १९९९ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना महाभियोगात दोषी ठरवण्यास नकार दिला होता. पक्ष बदलून ते आपल्या मतदारांपासून दूर गेले नाहीत, मतदारांच्या जवळच आले.

इथे भारतीय प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९८५ साली राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या अनुसूचीने पक्ष सोडणाऱ्या आमदार-खासदाराचे सदस्यत्व धोक्यात येते, आणि २०२२ नंतर महाराष्ट्रात तर अपात्रता, प्रतोद आणि विधानसभा अध्यक्षांचा अधिकार हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागले. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. पक्षाने सांगितल्याप्रमाणे मत दिले नाही म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. फार तर समितीवरची जागा जाते.

मग सारेच रोज इकडून तिकडे का जात नाहीत? याचे उत्तर उमेदवारी कोण देते यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षाच्या पुढाऱ्यांकडून काढून मतदारांकडे सोपवला आणि प्राथमिक निवडणुकीची, म्हणजे तिथल्या बोलीत ‘प्रायमरी’ची, पद्धत रुजू लागली. अनेक राज्यांत मतदार आपले नाव नोंदवतानाच पक्षही नोंदवतो, आणि काही राज्यांत ज्या पक्षात नाव असेल त्याच पक्षाच्या प्रायमरीत त्याला मत देता येते. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येते. तिथे ते मतदारसंघातल्या त्या पक्षाच्या निष्ठावंत मतदारांकडून मिळवावे लागते, आणि हा मतदार पुढाऱ्यांपेक्षा पुष्कळ कठोर असतो. पक्ष बदलणाऱ्याला सभागृहात कोणी अडवत नाही. त्याची गाठ पडते ती पुढच्या प्रायमरीशी.

(दृश्य : साउथ कॅरोलायना, १९६०चे दशक, कृष्णधवल छायाचित्रे.)

ज्यांनी वेळ अचूक साधली त्यांच्यात पहिले नाव स्ट्रॉम थर्मंड यांचे आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत गोऱ्या मतदाराला रिपब्लिकन हा शब्दच वर्ज्य होता, कारण तो लिंकनचा पक्ष होता. साउथ कॅरोलायनाचे थर्मंड डेमोक्रॅट होते. १९४८ साली पक्षाने कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची बाजू घेतली तेव्हा ते वेगळी चूल मांडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि दक्षिणेतील चार राज्ये त्यांनी जिंकली. १९५७ साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध ते सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटे बोलत राहिले. जुलै १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी, म्हणजे थर्मंड यांच्याच पक्षाच्या नेत्याने, नागरी हक्क कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात थर्मंड यांनी रिपब्लिकन पक्षात प्रवेश करून त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचा प्रचार सुरू केला. गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले. त्यांनी जिंकलेल्या सहा राज्यांपैकी एक त्यांचे स्वतःचे ॲरिझोना होते आणि उरलेली पाचही खोल दक्षिणेतली होती.

थर्मंड मतदारांच्या अर्धे पाऊल पुढे होते, एवढेच. बाकीची दक्षिण सावकाश आली. राष्ट्राध्यक्षासाठी रिपब्लिकन आणि गावच्या शेरीफसाठी डेमोक्रॅट, असे एकाच मतपत्रिकेवर दोन्हीकडे मत देणारे मतदार तिथे पुढची तीस वर्षे होते. १९७२ साली रिचर्ड निक्सन यांनी पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकली आणि तरीही संसदेची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडेच राहिली, ते या मतदारांमुळेच. अलाबामाचे सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनी तर १९९४ सालच्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहे जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी पक्ष बदलला. वारा कुठून वाहतो आहे हे पाहण्यासाठी त्यांना बोट ओले करण्याचीही गरज पडली नाही.

याउलट टेक्सासचे फिल ग्रॅम यांनी जे केले ते क्वचितच कोणी करतो. प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, डेमोक्रॅट असूनही त्यांनी रेगन यांच्या अर्थसंकल्पाला हातभार लावला, म्हणून जानेवारी १९८३ मध्ये पक्षाने त्यांना अर्थसंकल्प समितीवरून दूर केले. ग्रॅम यांनी थेट सदस्यत्वाचाच राजीनामा दिला, रिपब्लिकन म्हणून पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि फेब्रुवारीत तीच जागा पुन्हा जिंकली. कायद्याने हे त्यांच्यावर बंधनकारक नव्हते. पुढच्याच वर्षी ते सिनेटवर निवडून आले, हा त्या राजीनाम्याचा मोबदला म्हणता येईल.

(दृश्य : फिलाडेल्फिया, नगरभवनाचा मनोरा.)

आर्लेन स्पेक्टर यांची कथा मात्र या सर्वांहून वेगळी आहे. १९६५ साली ते फिलाडेल्फियाचे जिल्हा सरकारी वकील म्हणून निवडून आले तेव्हा मतदार म्हणून त्यांची नोंद डेमोक्रॅट अशी होती आणि उमेदवारी रिपब्लिकन होती. म्हणजे पहिले पक्षांतर तिथेच झाले. १९८० पासून पेनसिल्व्हेनियाने त्यांना पाच वेळा सिनेटवर पाठवले. २००४ च्या प्रायमरीत पॅट टूमी या कडव्या प्रतिस्पर्ध्याने त्यांना अगदी घाईला आणले. स्पेक्टर जेमतेम दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने तरले. फेब्रुवारी २००९ मध्ये, मंदीच्या काळात, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या ७८,७०० कोटी डॉलरच्या मदत विधेयकाला ज्या तीन रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिले त्यांत ते होते, आणि टूमी पुन्हा मैदानात उतरणार हे स्पष्ट झाले.

पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंदिस्त असते, म्हणजे त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच तिथे मत देता येते. त्याआधीच्या वर्षी तिथल्या दोन लाखांहून अधिक रिपब्लिकनांनी आपली नोंद बदलून डेमोक्रॅट अशी करून घेतली होती. हे बहुतेक मवाळ मतदार होते, म्हणजे स्पेक्टर यांचीच माणसे, आणि मागे उरलेल्या प्रायमरीत आता त्यांना निभाव लागण्याची आशा नव्हती. २८ एप्रिल २००९ रोजी त्यांनी पक्ष बदलला, आणि आपली २९ वर्षांची कारकीर्द त्या प्रायमरीच्या हाती निकालासाठी सोपवायला आपण तयार नाही, असे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. ओबामा, बायडेन आणि राज्याचे गव्हर्नर एड रेंडेल असे सारे मोठे नेते त्यांच्या स्वागताला पुढे आले. २४ डिसेंबरला आरोग्यविम्याचे विधेयक सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले. त्या साठांमधले एक मत स्पेक्टर यांचे होते, आणि विरोधकांची चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणण्यासाठी साठहून एक कमी चालणार नव्हते.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांना स्पेक्टर हवे होते, पण त्या पक्षाच्या मतदारांना कोणी विचारले नव्हते. नौदलात व्हाइस ॲडमिरल राहिलेले खासदार जो सेस्टॅक यांनी नेत्यांचे न ऐकता प्रायमरीत आव्हान दिले. पक्ष बदलल्यामुळे आपण पुन्हा निवडून येऊ शकू, हे स्पेक्टर यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले वाक्य त्यांनी दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत जसेच्या तसे दाखवले. मे २०१० मध्ये स्पेक्टर हरले. नोव्हेंबरात सेस्टॅकही हरले, आणि ज्यांना टाळण्यासाठी स्पेक्टर यांनी घर बदलले होते ते टूमीच त्यांच्या जागेवर जाऊन बसले. त्याच वर्षी उलट दिशेने, डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झालेले अलाबामाचे खासदार पार्कर ग्रिफिथ यांनाही नव्या पक्षाच्या प्रायमरीने घरी बसवले.

१९५०च्या दशकात मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी मतदारांच्या मुलाखती घेऊन असे दाखवून दिले होते की अमेरिकन माणसाला पक्ष बहुधा घरातूनच मिळतो, धर्म मिळतो तसा, आणि उमेदवारांविषयीची मते त्यानंतर तयार होतात. त्या काळी ही निष्ठा असूनही माणूस पाहून मत देण्याची मुभा मतदार स्वतःला देत असे. ती मुभा आता बरीच आक्रसली आहे. २०१६ मध्ये सिनेटच्या ३४ जागांसाठी निवडणूक झाली आणि प्रत्येक राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी जो पक्ष जिंकला त्याचाच सिनेटर निवडून आला. असे पूर्वी कधी घडले नव्हते. २०२० मध्ये हा नियम मोडणाऱ्या एकट्या मेनच्या सुझन कॉलिन्स होत्या. २०२४ मध्ये ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांत ट्रम्प जिंकूनही डेमोक्रॅटिक सिनेटर निवडून आले, तेही निसटत्या फरकाने. ज्या दोन सिनेटरांनी याच काळात डेमोक्रॅटिक पक्ष सोडून अपक्षाचे अक्षर लावले, त्या ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा आणि वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन, दोघेही त्या वर्षी निवडणुकीला उभेच राहिले नाहीत.

(दृश्य : पुन्हा बर्लिंग्टन. सरोवरावर संध्याकाळ.)

जेफर्ड्स यांनी आणलेले बहुमत दीड वर्षही टिकले नाही. नोव्हेंबर २००२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी सिनेट परत मिळवली. थर्मंड त्या वेळी शंभरीला टेकले होते. सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवण्याचा, बहुमतातल्या पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला मिळणारा मान जेफर्ड्स यांच्या त्या निर्णयामुळेच त्यांच्याकडून गेला होता, आणि तो मिळाला होता रॉबर्ट बर्ड यांना, ज्यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला थर्मंड यांच्यासारखाच विरोध केला होता पण पक्ष सोडला नव्हता.

जेफर्ड्स २००६ साली पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांची जागा बर्नी सँडर्स यांनी जिंकली आणि त्यांच्याही नावापुढे अपक्षाचेच अक्षर आहे. व्हरमाँटमध्ये मतदाराच्या नोंदणीत पक्षाचा रकानाच नसतो. तरीही त्या वर्षी, आणि पुन्हा २०१८ मध्येही, सँडर्स आधी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढले, ती जिंकले आणि मग पक्षाची उमेदवारी नम्रपणे परत करून अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यामुळे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाचा कोणीही उमेदवार उरला नाही.