सहामाही : सहा कुठून आले?

नमस्कार श्रोतेहो. आज सहामाहीबद्दल बोलूया. हो, तीच, दिवाळीच्या तोंडावर येणारी सहामाही परीक्षा, शेवटचा पेपर टाकला की किल्ल्याची माती शोधायला पळायचं ती.

माझं शिक्षण बुलडाणा जिल्ह्यातल्या एका गावातलं. सहावीत आम्हाला मराठीला एक सर होते, आवाज असा की पोरं घंटा ऐकायची नाहीत पण सरांची हाक ऐकायची. त्यांनी फळ्यावर लिहिलं, सहामाही परीक्षेचं वेळापत्रक. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, बोटं मोजत, आणि म्हणाला, "सर, आपली शाळा जूनच्या शेवटाले उघडली, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, अन् आता हा ऑक्टोबर, चारच महिने झाले, मंग सहा कोठून आले?" वर्ग गप्प, आम्हाला वाटलं आता छडी. सरांनी खडू ठेवला आणि उलट विचारलं, "तू सहावीत कवा आला?" पोरगा म्हणे जूनमध्ये. "जूनमध्ये नाही बाबू, १ मेला निकाल लागला, तुह्या हातात प्रगतीपुस्तक दिलं, तवाच तू सहावीत गेला. मोज आता." आम्ही सगळेच मोजायला लागलो, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. सहा! पोरगा काही बसेना, "पण सर, मेमध्ये तं आपण काहीच शिकलो नाही." सर म्हणाले, "आंबे खाल्ले ना? मंग."

आता खरं सांगायचं तर हा हिशोब सरांनी उभ्या उभ्या रचलेला. पण मग त्यांनी नीट समजावलं की माह हा फारसी शब्द, माह म्हणजे महिना, आणि चंद्रसुद्धा. त्यावरून माही. तिमाही, सहामाही, आणि पगार दरमहा मिळतो त्यातला महा पण तोच. म्हणजे सहा आपला मराठी आणि माही फारसीतून आलेली, बरं का. लक्षात ठेवा, माह म्हणजे महिना. संस्कृतमधला मास हा त्याचा भाऊच, मूळ एकच. शुद्ध बोलायची हौस असेल तर षाण्मासिक म्हणा, पण ते उच्चारेपर्यंत पेपर संपतो.

आणि सरांनी हाच प्रश्न सहामाहीत टाकला, "सहामाही या शब्दाचा अर्थ लिहा." आता आमच्या वऱ्हाडात माही म्हणजे काय, हे तिकडच्यांना सांगायला नको, माही म्हणजे माझी. त्या पोरानं लिहिलं, "सहावीतली माही परीक्षा म्हणजे सहामाही." सरांनी लाल पेनानं शेरा मारला, "उत्तर चूक, पण परीक्षा तुहीच," आणि अर्धा मार्क दिला. तो पेपर सगळ्या वर्गात फिरला.

हल्ली आठवीपर्यंत तिला संकलित मूल्यमापन म्हणतात, शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यानंतर हे सातत्यपूर्ण मूल्यमापन, म्हणजे पोरांना वर्षभर तपासत राहायचं, ते आलं, आणि सत्राच्या शेवटी घेतात ते त्यातलं संकलित. विचार चांगलाच असेल, पण आजीनं फोनवर काय विचारायचं, "बाळा, तुझं संकलित कसं गेलं?" आणि एक, दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास देणाऱ्या शाळांचं मला आजवर कळलेलं नाही, पोरांना चकल्या तरी निवांत खाऊ द्या. असो.

तर मुद्दा काय, शाळेचं वर्ष मे सोडून साधारण दहा-अकरा महिन्यांचं, त्याचा मध्य दिवाळीच्या आसपास येतो, म्हणून परीक्षा तिथं. सहा महिने वर्षाचे अर्धे, म्हणून अर्ध्यावर आलं की सहामाही, महिने चार भरले असले तरी. कॉलेजवाल्यांनी हसू नये, तुमचं सेमिस्टर लॅटिनमधून आलंय, आणि त्याचा अर्थसुद्धा सहा महिन्यांचं, म्हणजे सहामाहीच. आणि तुमचं शिकवणं तरी कुठं सहा महिने चालतं?