एनएमएमएस: यादीत नाव लागल्यानंतर

समोर बहुतेक सगळे आठवीचे वर्गशिक्षक आहात, त्यामुळे एनएमएमएस म्हणजे आठवीतल्या गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा, हे सांगत बसत नाही. मला विषय दिलाय बुद्धिमत्ता चाचणीच्या तयारीचा. त्याकडे येतोच. पण त्याआधी एका मुलीबद्दल बोलायचंय.

आमची शाळा आठवीपर्यंतच. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. डिसेंबरात परीक्षा, तेव्हा ते फडावर आणि घरी ही आणि आजी. आजीला सोबत घेऊन आम्ही एसटीनं तालुक्याच्या केंद्रावर गेलो. दोन्ही पेपर होईपर्यंत आजी फाटकाशी बसून होती, भाकरीला हात लावला नाही. निवड यादीत पोरीचं नाव लागलं. पेढे वाटले, फलकावर नाव लिहिलं, आणि माझं काम संपलं असं मी धरून चाललो. तिथंच चुकलो.

पैसे मिळतात नववीपासून, आणि त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज भरावा लागतो. तो नवी शाळा पडताळते, मग जिल्हा पडताळतो. तिच्या आधारवर नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त होता. आमच्या दाखल्यावर तो नव्हता. अर्ज अडकला. नव्या शाळेत तिला ओळखणारं कुणी नाही. दुरुस्तीसाठी मोठं माणूस सोबत पाहिजे, तोवर आईवडील पुन्हा फडावर गेलेले. मुदत संपली. जानेवारीत मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, मी पुढच्या परीक्षेत नापास झाले वाटतं." अहो, पुढची परीक्षाच नव्हती! वर्षाला 12,000, चार वर्षांचे 48,000 एका अक्षरापायी गेले.

आठवीतल्या मुलांची आधारवरची नावं जुलैमध्येच दाखल्याशी ताडून बघितलीत, अशांनी हात वर करा बरं. चार. त्यातले दोन एकाच शाळेचे, शेजारी शेजारी बसलेत! त्या शाळेसाठी टाळ्या झाल्याच पाहिजेत.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर बुद्धिमत्ता चाचणी.

दोन पेपर, बुद्धिमत्ता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 32, ही नुसती पात्रता आहे. महाराष्ट्राचा कोटा 11,682 शिष्यवृत्त्यांचा, आणि निवड जिल्हानिहाय, संवर्गनिहाय गुणवत्तेनं. पालकांना हे पहिल्याच सभेत सांगा, नाहीतर पास होऊनही यादीत नाव नाही म्हणून घरी रडारड होते. शालेय क्षमता चाचणी सातवी-आठवीच्या पुस्तकांवरच असते, ती मुलांना परकी वाटत नाही. मुलं मागं पडतात ती बुद्धिमत्तेत, कारण ती आपण दिवाळीनंतर गाईड आणून सुरू करतो. जूनपासून करा. परिपाठानंतर दहा मिनिटं, रोज एकच प्रश्न.

फळ्यावर लिहा: 2, 6, 12, 20, 30, पुढे काय? उत्तर आलं की "बरोबर" म्हणून पुसून टाकू नका. "कसं सुचलं?" विचारा. एक पोरगा म्हणेल, फरक 4, 6, 8, 10 असा वाढतोय, म्हणून 12 मिळवले. एखादी म्हणेल, एक दुणे दोन, दोन त्रिक सहा, तीन चोक बारा, म्हणून सहा सत्ते. दोघंही 42 वरच येतात. दोघांनाही बोलू द्या. मागच्या बाकावरच्या पोराला तेव्हा कळतं की यात पाठांतर नाही, आपल्यालाही जमेल.

आकृत्या आणि सांकेतिक भाषा राहिली, ते चहाच्या वेळी विचारा. एक मात्र लिहून घ्या: अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायची तर दहावीला 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 55. आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी.

दाराशी तक्त्याच्या झेरॉक्स ठेवल्यात. रकाने पाच: दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव, नववीची शाळा, आणि त्या शाळेतल्या एका शिक्षकाचा फोन. पाचवा रकाना तुम्ही स्वतः फोन लावून भरायचा.