स्वस्त ड्रोन, चोख मोजणी

मंडळी, छंदासाठी घेतलेल्या साध्या ड्रोनने जमिनीची मोजणी होते का? होते, आणि चांगली होते. मात्र अचूकता ड्रोनमधून येत नाही, ती जमिनीवरून येते.

फोटोवरून मोजमाप ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये एमे लोसेदा यांनी एकोणिसाव्या शतकातच तिचा पाया घातला. नवं आहे ते सॉफ्टवेअर. एकच दगड वेगवेगळ्या फोटोंत ओळखून तो दगड कुठे आहे आणि कॅमेरा कुठे होता, हे दोन्ही ते एकदम काढतं. त्यासाठी लागोपाठच्या फोटोंत सुमारे ८० टक्के आणि ड्रोनच्या ये-जा करण्याच्या शेजारच्या पट्ट्यांत ७० टक्के भाग सामाईक हवा. इथे काटकसर करू नका. ओपनड्रोनमॅपसारखं मुक्त सॉफ्टवेअरही हे काम करतं.

१२ मेगापिक्सेलचा लहान कॅमेरा १०० मीटरवरून फोटो काढतो, तेव्हा एक पिक्सेल जमिनीवर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरतो. लोक यालाच अचूकता समजतात, आणि घोळ इथेच होतो. ड्रोनचा साधा जीपीएस काही मीटर चुकतो, उंचीत तर आणखी. नकाशा देखणा दिसतो आणि अख्खाच्या अख्खा सरकलेला असतो! शिवाय अशा बहुतेक कॅमेऱ्यांत रोलिंग शटर असतं, म्हणजे फोटो ओळीओळीने टिपला जातो. त्याला सेकंदाचा तिसावा भाग लागला आणि ड्रोन सेकंदाला १० मीटर उडत असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीदरम्यान तो ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून सावकाश उडवा.

आता मुख्य काम. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा बोर्ड जमिनीवर ठेवा. चौकोन जिथे एकमेकांना टेकतात, त्या बिंदूवर अचूक जीएनएसएस रिसीव्हरचा (उपग्रहांवरून नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्राचा) दांडा उभा धरा, दांड्यावरच्या पातळीदर्शकाचा बुडबुडा मध्यावर आणा, मगच त्या जागेची नोंद घ्या. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक, आणि चढउतार असेल तिथे जादा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये तोच बिंदू प्रत्येक फोटोत दाखवून द्यायचा. कंटाळवाणं आहे, पण सगळी किंमत याच कामाला आहे. काही बिंदू मात्र सॉफ्टवेअरला देऊच नका. ते बाजूला ठेवा आणि तयार नकाशा त्यांच्याशी ताडून पाहा. येणारा फरक हीच तुमची खरी अचूकता. कोणी नकाशा दिला, तर आधी हा आकडा मागा.

दाट गवत आणि झाडी असेल, तर कॅमेऱ्याला पानं दिसतात, जमीन नाही. हद्दीचंही तसंच. फोटोत कुंपण दिसतं, हद्द मात्र खुणा आणि अभिलेखांवरून ठरते. पण खडीचा ढीग किती घनमीटर आहे, खोदकाम कितपत झालं, पाणी कुठल्या उताराने वाहील, अशा कामांना हा छोटा ड्रोन निर्धास्त वापरा.