सवलती कागदावर, सही साहेबांची

मागे ऐकू येतंय ना? बरं. मी २२ वर्षं एचआरमध्ये काढली, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून, त्यामुळे आज थोडा घरभेदीपणा करणारे.

ऑफर लेटर हातात आलं की मुलं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, बघतात, मग खालची यादी, पीएफ, ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मॅटर्निटी लीव्ह, आणि घरी फोन करून सांगतात की कंपनी फार चांगलीये. अरे पण यातलं निम्मं कंपनीनं दिलेलंच नाहीये! ग्रॅच्युइटी १९७२ पासून कायद्यात आहे, २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा २०१७ पासून. पीएफ तर यूएएनसकट, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरासकट, तुमच्याबरोबर पुढच्या कंपनीत येतो. "एवढ्या सवलती सोडून कुठे जाऊ" असं म्हणत जी माणसं खडूस साहेबाखाली कुढत बसतात ना, त्यांनी आधी कायद्याचं काय आणि कंपनीचं काय हे वेगळं काढावं.

आता रजा घ्या. ही खरी गंमत. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात ८ किरकोळ रजा, शिवाय दर २० दिवस कामाला १ भरपगारी रजा, साठवता येते ४५ पर्यंत. मग मॅनेजर काय करतो? नाही म्हणतच नाही. "मेल नको टाकूस, बघू आपण, हातातलं प्रॉजेक्ट रिलीज होऊ दे." रिलीज होतं, दुसरं येतं, आणि मार्चमध्ये ४५ च्या वरची रजा लॅप्स. हे तोंडी का, तर त्याच कायद्यात आहे की १५ दिवस आधी अर्ज केला आणि नाकारला, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. लेखी नकार महाग पडतो हो. आमच्याकडे एक मॅनेजर होता, त्याच्या टीमचा एकही नाकारलेला अर्ज सिस्टीममध्ये नव्हता आणि आम्ही, मीसुद्धा, त्याला दोन वर्षं शाबासकी देत होतो. त्याच्या मर्जीतली दोन पोरं मात्र दर दिवाळीला गावी. बाकीचे ती दोघं नसताना त्यांचं काम ओढायचे, आणि अप्रेझलला रेटिंग पुन्हा त्या दोघांनाच, कारण साहेबाबरोबर चहाला तेच.

ग्रॅच्युइटीसाठी थांबणारेही भेटतात. साडेतीन वर्षं झालीत, पाच भरायला अजून दीड काढतो म्हणे. करा ना हिशोब, ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार ५२,००० असेल तर भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाचे ३०,०००. पाच वर्षांचे दीड लाख. दीड लाखासाठी दीड वर्षं रविवारी संध्याकाळी पोटात गोळा. कुणाला परवडेलही, मी नावं ठेवत नाही.

एका गोष्टीला मात्र मी हसत नाही, ती म्हणजे आईवडिलांचा मेडिक्लेम. तो कंपनी खरंच देते, कायद्यात नाही. वडिलांना शुगर, आईचा गुडघा, ग्रुप पॉलिसीत बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून कव्हर, आणि बाहेर घ्यायला गेलं तर जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबा. यासाठी माणूस साहेबाच्या शिव्या खातो, मीही खाल्ल्यात. पण ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुनी वर्षं धरली जातात, फक्त राजीनाम्याच्या आधी विचारायचं. एचआर आपणहून सांगत नाही. मी तरी कुणाला सांगितलं नव्हतं.