फ्रँक बीमर: आपल्याच विद्यापीठात एकोणतीस हंगाम

पडद्यावर दिसते आहे ते लेन स्टेडियम, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैर्ऋत्य भागात, ब्लॅक्सबर्ग या लहानशा गावी असलेल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मैदान. फ्रँक बीमर विद्यार्थी असताना याच विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघात, बचाव फळीत खेळले. पुढे १९८७ च्या हंगामापासून ते येथे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत येथेच राहिले.

बीमर याच परिसरातील फॅन्सी गॅप येथे शेतावर वाढले. सात वर्षांचे असताना कचरा जाळताना पेट्रोलच्या डब्याचा स्फोट झाला. थोरल्या भावाने त्यांना जमिनीवर लोळवून आग विझवली, तरी त्यानंतर त्वचारोपणाच्या अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मानेवरचे ते व्रण पुढे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांतूनही स्पष्ट दिसत.

त्यांची सुरुवात मात्र घरच्या मुलाच्या स्वागताला साजेशी मुळीच नव्हती. आधीच्या प्रशिक्षकांच्या कारकिर्दीतील नियमभंगामुळे संघाच्या शिष्यवृत्त्यांना कात्री लागली होती, आणि पहिल्या सहा हंगामांत २४ विजय, ४० पराभव व २ बरोबरी असा हिशेब झाला. १९९२ मध्ये तर अकरांपैकी केवळ दोन सामने जिंकता आले. तेव्हाचे क्रीडा संचालक डेव्ह ब्रेन यांनी साहाय्यक प्रशिक्षकांमध्ये बदल घडवून आणले, पण बीमर यांना काढले नाही. आमच्या मते या कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय तोच होता, आणि तो बीमर यांनी घेतलेलाच नव्हता. आज एवढा धीर धरणारे विद्यापीठ शोधूनही सापडणार नाही.

बीमर यांचे वेगळेपण दिसले ते किकच्या डावांत. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण आणि बचाव या दोन फळ्यांकडे सर्वांचे लक्ष असते, तर किक मारण्याच्या व अडवण्याच्या प्रसंगी उतरणाऱ्या तिसऱ्या तुकडीत पुष्कळ संघ राखीव खेळाडूंना धाडतात. बीमर यांनी ही तुकडी स्वतःच्या हाताखाली घेतली आणि तिच्यात आपले उत्तम खेळाडू घातले. चेंडू मागे फेकला गेल्यापासून पंट, म्हणजे हातातून सोडलेल्या चेंडूला मारलेली लांब किक, मारली जाईपर्यंत जेमतेम दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात फळी भेदून झेप घ्यायची ती किकरच्या अंगावर नव्हे, तर त्याच्या पावलापुढच्या मोकळ्या जागेवर, कारण चेंडूला हात न लागता किकरला धडक बसली तर दंड होतो आणि चेंडूही प्रतिस्पर्ध्याकडेच राहतो. साधली तर मात्र एका झेपेत सामन्याचे पारडे फिरते. १९९३ च्या इंडिपेंडन्स बोल या हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यात इंडियाना विद्यापीठाविरुद्ध पूर्वार्ध संपता संपता अडवलेली किक थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे, पळवली गेली, आणि व्हर्जिनिया टेकने तो सामना ४५-२० असा जिंकला. या शैलीला लोक ‘बीमरबॉल’ म्हणू लागले.

१९९३ पासून सलग २३ वर्षे हा संघ हंगामाअखेरच्या बोल सामन्यांत खेळला. आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक मायकेल विक याच्या नेतृत्वाखाली १९९९ चा नियमित हंगाम अपराजित गेला. त्या संघात बीमर यांचा मुलगा शेनही होता. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात तिसऱ्या सत्राअखेर फ्लोरिडा स्टेटवर २९-२८ अशी आघाडीही होती, परंतु शेवटच्या सत्रात सामना हातचा गेला आणि ४६-२९ असा पराभव झाला. ते विजेतेपद त्यांना पुढेही कधी मिळाले नाही. २००० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून प्रशिक्षकपदासाठी बोलावणे आले, तेही त्यांनी नाकारले.

१६ एप्रिल २००७ रोजी विद्यापीठाच्या आवारात झालेल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. सप्टेंबरमध्ये लेन स्टेडियमवरील पहिला सामना संघाने ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध १७-७ असा जिंकला, आणि त्याच हंगामात अटलांटिक कोस्ट या विद्यापीठ संघांच्या गटाचे विजेतेपदही मिळवले.

बीमर यांचा शेवटचा सामना २६ डिसेंबर २०१५ रोजी झाला आणि टल्साविरुद्ध ५५-५२ असा विजय मिळाला. व्हर्जिनिया टेकसाठी त्यांचे २३८ विजय नोंदले गेले. खेळाडू असताना ते २५ क्रमांकाची जर्सी घालत. त्यांच्या निवृत्तीनंतर ती दर आठवड्याला किकच्या तुकडीतील एका खेळाडूला देण्याचा प्रघात विद्यापीठाने सुरू केला.